‘श्वास’ आणि ग्रामीण अंधत्वाचे मराठी चित्रण : एक पुनर्विचार

संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला ‘श्वास’ २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटाला २००३ या वर्षासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘श्यामची आई’नंतर मराठी चित्रपटाला हा मान मिळण्यासाठी सुमारे अर्धशतक जावे लागले होते. पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली, प्रसिद्धीच्या खर्चासाठी लोकवर्गणी जमली, आणि मरगळलेल्या मराठी चित्रसृष्टीला पुन्हा उभारी आली असे सर्वत्र म्हटले गेले. हे म्हणणे चुकीचे नव्हते. मात्र त्या काळातील चर्चेचा बहुतेक भर अरुण नलावडे आणि अश्विन चितळे यांच्या अभिनयावर, दिग्दर्शकाच्या संयमावर आणि अल्प साधनांत उभ्या राहिलेल्या निर्मितीवर होता. चित्रपटाचा विषय अंधत्व आहे हे सर्वांनी गृहीत धरले. अंधत्व म्हणजे काय, याविषयी चित्रपटाची धारणा कोणती आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाच्या अनुषंगाने ‘श्वास’चा पुनर्विचार करावयाचा आहे.

कथानक थोडक्यात असे. कोकणातील एका खेड्यातला परशुराम हा लहान मुलगा आपल्या आजोबांबरोबर शहरातील रुग्णालयात येतो. त्याच्या डोळ्यांत कर्करोग असल्याचे निदान होते. जीव वाचवायचा असेल तर दोन्ही डोळे काढावे लागतील, असे डॉ. साने सांगतात. रुग्णालयातील समाजसेविका आसावरी आजोबांच्या मदतीला येते. मुलाला हे सांगायचे कोणी आणि कसे, या पेचाभोवती चित्रपटाचा मोठा भाग फिरतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते तेव्हा आजोबा कोणालाही न विचारता नातवाला रुग्णालयाबाहेर नेतात आणि त्याला शहर दाखवतात. शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परततो.

या कथानकाची खरी ताकद अंधत्वाच्या चित्रणात नाही, हे प्रथमच नोंदवले पाहिजे. ती आहे खेड्यातील माणूस आणि शहरी वैद्यक यांच्या भेटीच्या चित्रणात. आजोबा अडाणी नाहीत, पण रुग्णालयाची भाषा त्यांची नाही. कोणत्या खिडकीशी उभे राहायचे, कोणाला प्रश्न विचारायचा, डॉक्टरांच्या बोलण्यातील कोणता शब्द धोक्याचा, हे त्यांना ठाऊक नाही. दिलेल्या कागदावर सही करायची म्हणजे आपण नेमके कशाला होकार देत आहोत, हे समजून घेताना त्यांची जी तारांबळ उडते ती तालुक्याच्या गावाहून मुंबई-पुण्याच्या सरकारी वा धर्मादाय रुग्णालयात गेलेल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहे. ठाणे जिल्ह्यातील वाडा, शहापूर, मोखाडा या भागांतून (मोखाडा आणि वाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत) मोठ्या रुग्णालयाची वाट धरणाऱ्या कुटुंबांनाही हा अनुभव चुकत नाही. दिग्दर्शकाने येथे कोणालाही खलनायक केलेले नाही. डॉक्टर घाईत आहेत, पण निर्दय नाहीत. आसावरी हळवी आहे, पण तिच्या हळवेपणाचाही कधीकधी अडसर होतो. समंजस माणसांच्या एका व्यवस्थेत गरजू माणूस हरवून जातो, एवढेच चित्रपट दाखवतो. आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात संमती या विषयावर बोलताना ‘श्वास’मधील हे प्रसंग एखाद्या पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडावेत.

अडचण सुरू होते ती यानंतर.

चित्रपटाचा भावनिक कळस म्हणजे आजोबांनी नातवाला घडवलेली ती सफर. डोळे जाण्यापूर्वी जगाचे जेवढे रूप साठवता येईल तेवढे त्याने साठवून घ्यावे, ही त्यामागची कल्पना. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते ते याच ठिकाणी, आणि ते अश्रू खोटे नाहीत. तरीही पाहावे लागते ते हे, की ही गरज कोणाची आहे. मुलाला शेवटचे पाहायचे आहे की आजोबांना शेवटचे दाखवायचे आहे? परशुरामला आपल्याबाबत काय घडणार याची अर्धीमुर्धी कल्पना आहे. तो चिडतो, घाबरतो, हट्ट करतो. सफरीचा अर्थ त्याला जेवढा कळतो त्यापेक्षा किती तरी अधिक तो आजोबांना आणि प्रेक्षकाला कळतो. कॅमेरा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतो तेव्हा तो ‘हे आता जाणार’ या जाणिवेने पाहतो. ही जाणीव दृष्टी असलेल्याची आहे. अंधत्व हा येथे एक काठ आहे. काठापर्यंत चित्रपट आपल्याला नेतो, पलीकडे काय आहे हे तो दाखवत नाही, कारण पलीकडे काही असू शकते असे त्याला फारसे वाटत नाही. शेवटच्या दृश्यात आशेचा सूर आहे खरा. गावाचे आवाज, पाणी, माणसे यांच्यात मुलगा परत येतो आणि कान डोळ्यांची जागा घेतील असे सुचवले जाते. पण ती सूचनाच राहते. परशुराम शाळेत जाईल का, वहाळ ओलांडून शेजारच्या वाडीवर एकटा जाऊ शकेल का, ब्रेल कोण शिकवील, आजोबांनंतर त्याचा हात कोण धरील, हे प्रश्न होडी किनाऱ्याला लागण्यापूर्वीच चित्रपट संपवून टाळले गेले आहेत. दिग्दर्शकाला वेगळी गोष्ट सांगायची होती, हे उत्तर पुरेसे आहे. परंतु मराठीत ती दुसरी गोष्ट जवळजवळ कोणीच सांगितली नसल्यामुळे ‘श्वास’च्या मौनाला अधिक वजन येते.

हे मौन एकट्या चित्रपटाचे नाही. मराठी भाषेने अंधत्वाकडे पाहण्याची जी रीत घडवली आहे तिचा तो भाग आहे. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ ही म्हण गैरव्यवस्थेविषयी आहे. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही अनपेक्षित लाभाविषयी. दोन्हींत आंधळा माणूस दाखल्यापुरता येतो. (दळणाऱ्या त्या आंधळ्या बाईला जात्याची खुंटी बिनचूक सापडते, पीठ किती बारीक झाले हे बोटांना कळते, याकडे म्हणीचे लक्ष नाही.) एकनाथांनी आंधळा, मुका, बहिरा, पांगळा यांना भारुडांत आणले ते रूपक म्हणून, त्यांचा आंधळा हा आत्मज्ञानाला मुकलेला संसारी जीव आहे. श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाच्या इतिहासात ते महत्त्वाचे ठरले. नॉर्वेजियन नाटककार ब्योर्नसन याच्या नाटकावर आधारलेल्या या कृतीचा विषय स्त्री-पुरुषांसाठीचे वेगवेगळे नीतिनियम हा आहे. शीर्षकातली शाळा डोळे असूनही न पाहणाऱ्यांची आहे. त्यापूर्वी सुमारे तीस वर्षे मुंबईत अंध मुलांच्या खऱ्याखुऱ्या शाळा सुरू झाल्या होत्या. ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० साली सुरू केलेली शाळा आज दादरला कमला मेहता अंध विद्यालय म्हणून चालते. नाटकाच्या प्रेक्षकाला शीर्षक ऐकून ती आठवण्याची गरज पडली नसावी.

या संदर्भात ‘ज्ञानेश्वरी’चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मराठीतील या सर्वांत थोर ग्रंथाची चौकट एका अंध माणसाच्या प्रश्नाने उघडते. रणभूमीवर काय चालले आहे, हे धृतराष्ट्र विचारतो आणि संजय त्याला सांगतो. सारा संवाद आपल्यापर्यंत येतो तो या पाहणाऱ्या आणि न पाहणाऱ्याच्या नात्यातून. पण नवव्या अध्यायाच्या अखेरीस संजय भावावेगाने भारून जातो तेव्हा समोरचा वृद्ध राजा पुराच्या पाण्यात बसून राहिलेल्या रेड्यासारखा निर्विकार असल्याचे ज्ञानदेव दाखवतात. श्रोता आंधळा आहे म्हणून नव्हे, तो पुत्रमोहात आहे म्हणून. तरीही दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात, आणि न पाहणारा तो न कळणारा, हे समीकरण भाषेत अधिक घट्ट होते.

श्रावणबाळाच्या कथेतील मातापिता असेच कावडीतील ओझे होऊन राहिले आहेत. कथा पुत्राची आहे. महाराष्ट्र शासनाने निराधार वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतन योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले, यातही हाच दृष्टिकोन नकळत उतरला: लक्ष आधार देणाऱ्याकडे, आधार घेणाऱ्याचे मत काय ते कळण्यास मार्ग नाही. शब्द मात्र बदलत गेले. ‘आंधळा’चा ‘अंध’ झाला, मग ‘दृष्टिहीन’, ‘दृष्टिबाधित’, आणि २०१५ च्या अखेरीपासून शासकीय कागदांत ‘दिव्यांग’. सौजन्याच्या दृष्टीने यांतील काही बदल आवश्यक होते. काहींनी केवळ प्रश्नावर उपरणे टाकले.

‘श्वास’च्या विषयनिवडीचाही येथे विचार करावा लागेल. परशुरामला झालेला रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग दुर्मीळ आहे. सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकाला तो होतो, आणि बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत, दोन्ही डोळ्यांत असेल तर त्याहूनही लवकर प्रकट होतो. बाहुलीत दिसणारी पांढरट चमक ही त्याची पहिली खूण. वेळीच लक्षात आल्यास मुलाचा जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. १५३ देशांतील चार हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की श्रीमंत देशांत या रोगाचे निदान होताना मुलाचे मध्यक वय सुमारे १४ महिने असते, तर अतिगरीब देशांत ते सुमारे ३० महिने. या गरीब देशांत आफ्रिकेतील देश बहुसंख्य आहेत. या सोळा महिन्यांत डोळे आणि कित्येकदा प्राणही जातात. म्हणजे परशुरामचे डोळे केवळ रोगाने नेले असे म्हणता येणार नाही. खेडे ते रुग्णालय या अंतराने ते नेले. चित्रपटातील परशुराम तर या रोगाच्या नेहमीच्या वयापेक्षा मोठाच दिसतो. कथेला बोलणारा, प्रश्न विचारणारा मुलगा हवा होता, हे त्याचे कारण उघड आहे. पण उशीर झाला आहे हे दिसत असताना उशीर का झाला, हे चित्रपट विचारत नाही. नियतीच्या ठिकाणी अंतर ठेवले असते तर ही शोकांतिका अधिक अस्वस्थ करणारी झाली असती.

दुर्मीळ रोगाची निवड आणखी एका अर्थाने बोलकी आहे. महाराष्ट्रातील खेड्यात दृष्टी गेलेली व्यक्ती शोधायला गेल्यास ती बहुधा सात वर्षांचा मुलगा नसते. ती मोतीबिंदू झालेली साठी-सत्तरीची बाई असते. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणानुसार (२०१५-१९) पन्नाशीपुढील लोकांत अंधत्वाचे प्रमाण १.९९ टक्के होते आणि त्यांपैकी ६६.२ टक्के अंधत्वाचे कारण मोतीबिंदू होते. शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत हे प्रमाण अधिक आढळले. १९७६ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, शस्त्रक्रिया थोड्या वेळाची आहे, शासकीय शिबिरांत ती विनामूल्य होते. तरीही घरातील म्हातारीला दिसेनासे होते तेव्हा ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिले जाते. मोतीबिंदू पिकल्याखेरीज काढता येत नाही, ही समजूत जुन्या शस्त्रक्रियापद्धतीच्या काळात खरी होती. ती पद्धत मागे पडून अनेक वर्षे झाली, समजूत राहिली. सुगी संपू दे, लग्न पार पडू दे, सुनेचे बाळंतपण होऊ दे, असे करत वर्षे जातात. या बाईवर मराठीत चित्रपट नाही. तिच्या अंधारात नाट्य नाही; तो हळूहळू येतो, कुणी दवाखान्यातून पळून जात नाही, वार्ताहर येत नाहीत. बरे झाल्यावरही ती फक्त पुन्हा तांदूळ निवडू लागते.

मोतीबिंदूवर चित्रपट झाला तो डॉक्टरच्या बाजूने. लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांच्या जीवनावर विराग मधुमालती वानखेडे यांनी काढलेला चित्रपट २०१८ साली आला. मकरंद अनासपुरे यांनी त्यात लहान्यांची भूमिका केली. आईने दिलेल्या मूत्रपिंडावर जगून लाखांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या या नेत्रशल्यविशारदाची कथा प्रेरक आहेच. पण त्या लाखाच्या आकड्यातील एकेक माणूस चित्रपटाच्या दृष्टीने पट्टी सुटण्याच्या क्षणापुरता असतो. ‘श्वास’ डोळे जाण्याच्या क्षणाशी थांबतो, हा चित्रपट डोळे येण्याच्या क्षणाशी. मधला काळ, म्हणजे न दिसता जगण्याचा काळ, दोघांनाही रिकामा वाटतो.

अंधत्वाची गणना करणारेही या रिकामपणातून सुटलेले नाहीत. भारतात अंधत्वाची व्याख्या २०१७ साली बदलली. पूर्वी सहा मीटरवरून हाताची बोटे मोजता न येणारा अंध ठरत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून घेताना हे अंतर तीन मीटर झाले. जगाशी तुलना करण्यासाठी बदल योग्य होता आणि कार्यक्रमाच्या नावात त्याच सुमारास ‘दृष्टिदोष’ हा शब्दही आला. पण चार मीटरवरची बोटे मोजू शकणारी बाई त्या वर्षी कागदावर डोळस झाली, तिच्या घरातील चूल मात्र आदल्या वर्षीइतकीच अंधूक राहिली.

येथे आफ्रिकेतील एका प्रतिमेचा उल्लेख उपयुक्त ठरेल. जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयाच्या आवारात एक शिल्प आहे: पुढे लहान मुलगा, मागे काठीचे दुसरे टोक धरलेला अंध प्रौढ. पश्चिम आफ्रिकेतील नदीकाठच्या गावांत हे दृश्य पूर्वी रोजचे होते. वेगाने वाहणाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या काळ्या माशीच्या दंशातून एका कृमीचे संक्रमण होते आणि वर्षानुवर्षांच्या संसर्गाने दृष्टी जाते. म्हणून तिला ‘नदीचे अंधत्व’ म्हणतात. काही ठिकाणी गावातील इतक्या मोठ्या माणसांचे डोळे गेले की लोकांनी सुपीक नदीखोरी सोडून माळरान गाठले. १९७४ साली तेथे माशी-नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८७ पासून आयव्हरमेक्टिन हे औषध विनामूल्य मिळू लागले आणि १९९० च्या दशकात गोळ्या वाटण्याचे काम गावकऱ्यांकडेच सोपवले गेले. गावाने निवडलेली व्यक्ती खुणा केलेल्या काठीने प्रत्येकाची उंची मोजते आणि उंचीनुसार गोळ्या देते. आंधळ्याला ओढणाऱ्या काठीच्या जागी मोजमापाची काठी आली. २०२५ साली नायजर हा या रोगाचे संक्रमण थांबवणारा आफ्रिकेतील पहिला देश म्हणून घोषित झाला. भारतानेही खुपरी या रोगाचे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून असलेले स्वरूप संपवल्याची नोंद २०२४ साली झाली.

हे शिल्प आणि ‘श्वास’ यांची तुलना करण्याजोगी आहे. शिल्पात मूल मोठ्याला नेते, चित्रपटात मोठा मुलाला. शिल्पातील मुलाची शाळा बुडाली आहे. अंधत्वाची किंमत एकट्या अंधाने मोजलेली नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते. ‘श्वास’मध्ये नातवाला नेणारे आजोबा म्हातारे आहेत आणि त्यांची वाट परशुरामच्या वाटेपेक्षा लवकर संपणार आहे. म्हणजे या जोडीत पुढचा माणूस आधी जाणार. चित्रपटातील सर्वांत क्रूर सत्य हे आहे, आणि ते कोणाच्याही तोंडी येत नाही. आफ्रिकेतील अनुभवातून दुसरेही एक दिसते: तेथे अंधत्वाचा प्रश्न गावाचा म्हणून मांडला गेला. ‘श्वास’मध्ये गाव सुरुवातीला आणि शेवटी दिसते ते निसर्ग म्हणून, आपलेपणाची जागा म्हणून. निर्णय घेणारे, जबाबदारी उचलणारे गाव तेथे नाही.

‘श्वास’ जेथे थांबतो तेथून सुरू होणारा चित्रपट एका मराठी दिग्दर्शिकेने आधीच काढला होता, पण हिंदीत. सई परांजपे यांच्या ‘स्पर्श’मध्ये नसीरुद्दीन शहा यांनी साकारलेला अनिरुद्ध हा अंध विद्यालयाचा प्राचार्य आहे. शहा यांना १९७९ या वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार या भूमिकेने मिळवून दिला. अनिरुद्ध हट्टी आहे, प्रसंगी अन्यायी आहे, दयेची चाहूल लागताच तो बिथरतो. तो प्रेमात पडतो आणि ते प्रेम उपकार तर नाही ना, या संशयाने स्वतःचेच नुकसान करतो. दोष असण्याचा हा अधिकार परशुरामला वा श्रावणाच्या मातापित्यांना मिळालेला नाही. विद्यालयातील मुलेही अंध होती आणि ती भांडतात, खोड्या काढतात. ‘स्पर्श’ची मर्यादा अशी की त्याचे जग शहरी आणि संस्थेच्या कुंपणातले आहे. अनिरुद्धच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे; खेड्यातील अंगणात बांधलेले वासरू जागा बदलते.

खेड्यात अंधपणे जगलेल्या आणि मागे ग्रंथ ठेवून गेलेल्या एका मराठी माणसाची आठवण येथे केली पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी गेली. शास्त्रे त्यांनी इतरांकडून वाचवून घेऊन आत्मसात केली आणि अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरांहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगून लिहवले. परंपरेने त्यांना ‘प्रज्ञाचक्षु’ म्हटले आणि त्यांची बुद्धी अलौकिक मानली. अलौकिक म्हटल्यावर एक सोय होते: ज्यांनी त्यांना वाचून दाखवले आणि ज्यांनी उतरवून घेतले त्या सामान्य माणसांकडे पाहण्याची गरज उरत नाही. वस्तुतः विदर्भातल्या खेड्यात, ब्रेल हाताशी नसताना, काही माणसांनी आपले डोळे आणि हात रोज काही तास एका अंध तरुणाला दिले. चरित्रकारांनी या वाचकांचा आणि लेखनिकांचा तपशील अधिक मांडला असता तर मराठीला परशुरामच्या पुढच्या आयुष्याचा एक नमुना मिळाला असता.

अलीकडचा नमुना ठाणे जिल्ह्यातला आहे. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी बालपणीच, साधारण परशुरामच्याच वयात गेली. दादरच्या कमला मेहता विद्यालयात त्या शिकल्या. पुढे मुंबई आणि दिल्ली येथे उच्च शिक्षण घेतले. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेतून निवड होऊनही पूर्ण अंधत्वाचे कारण पुढे करून रेल्वेच्या सेवेत त्यांना घेतले गेले नाही. पुढच्याच वर्षी त्या १२४ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि भारतीय प्रशासन सेवेत दाखल झाल्या. वृत्तपत्रांनी ही कथा ‘अंधारावर मात’ अशा मथळ्यांच्या वळणाने सांगितली. प्रत्यक्षात मात करावी लागली ती अंधारावर नव्हे, एका शेऱ्यावर.

‘श्वास’च्या शेवटी सुचवलेल्या ध्वनींच्या दिलाशाकडे पुन्हा वळावयाचे आहे. पाण्याचा, पक्ष्यांचा, आपल्या माणसांच्या हाकांचा आवाज मुलाला वाट दाखवील, हे कोकणातल्या त्या किनाऱ्यावर पटते. हाच मुलगा पुढे काम शोधत भिवंडीस आला तर? धामणकर नाक्यावर उभे राहून डोळे मिटून ऐकले तर रिक्षांचे भोंगे, गोदामांकडे जाणाऱ्या मालमोटारींची घरघर आणि आसपासच्या गल्ल्यांतून येणारी यंत्रमागांची खडखड यांचा एकच सलग पडदा कानांवर पडतो. कोणता आवाज जवळचा, कोणता दूरचा, कोणता आपल्याकडे येणारा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. या शहरात कान डोळ्यांची जागा घेत नाहीत. तेही दिपून जातात. मागावर उमेदीची वर्षे घालवलेल्या कामगाराला उतारवयात आधी ऐकू येईनासे झाले आणि मग मोतीबिंदू झाला, तर त्याला ‘श्वास’ने देऊ केलेला दिलासा मुळीच उपलब्ध नाही. निसर्गाच्या कुशीतील अंधत्व ही चित्रपटाची कविकल्पना आहे. खेड्यातून शहरात ढकलल्या जाणाऱ्या माणसांच्या वाट्याला येणारे अंधत्व वेगळे असते.

शेवटी प्रश्न येतो तो चित्रपट पाहणाऱ्याचा, किंवा न पाहणाऱ्याचा. ‘श्वास’वर वर्गात शिकवले जाते, त्यावर प्रश्न विचारले जातात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि याच अधिनियमात इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ध्वनिवर्णनाची तरतूद आहे. चित्रपटगृहांतील सुगमतेसाठी केंद्र शासनाने २०२४ साली मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. दृश्य चालू असताना संवादांमधल्या जागेत पडद्यावर काय दिसते ते सांगणे, असे हे ध्वनिवर्णन असते. वर्गातील एखादी अंध विद्यार्थिनी ‘श्वास’ ऐकते तेव्हा रुग्णालयातील प्रसंग तिला पुष्कळसे कळतात, कारण ते बोलके आहेत. आजोबांचे अडखळणे आवाजात आहे, डॉक्टरांची घाई आवाजात आहे. सफरीशी पोहोचल्यावर मात्र चित्रपट तिला बाहेर ठेवतो. तेथे सारा अर्थ पाहण्यात आहे: मुलगा कशाकडे पाहतो, आजोबा त्याच्याकडे कसे पाहतात. ज्या मुलाच्या डोळ्यांची ही गोष्ट आहे तो मोठा होऊन प्रेक्षागारात बसला तर आपल्याच गोष्टीचा कळस त्याला कोणीतरी कानात सांगावा लागेल.

ते सांगणाऱ्या प्राध्यापकाची स्थिती संजयासारखी होते. केवळ ‘ते रस्त्याने चालत आहेत’ एवढे म्हणावे की आजोबांचा चेहरा कसा झाला आहे तेही सांगावे? चेहरा सांगायचा तर ‘व्याकूळ’ म्हणावे की फक्त ओठ आवळलेले आहेत एवढेच सांगून थांबावे आणि व्याकुळता तिची तिला शोधू द्यावी? आजोबा क्षणभर दुसरीकडे पाहतात, ते परशुरामला दिसत नाही, प्रेक्षकाला दिसते; ते तिला सांगितले तर तिला मुलापेक्षा अधिक कळेल, न सांगितले तर इतर प्रेक्षकांपेक्षा कमी. दृश्य पुढे सरकत असते आणि या निवडीसाठी मिळणारा वेळ दोन वाक्यांमधल्या श्वासाएवढाच असतो.